जागा वाटणारे आणि जागा निर्माण करणारे
बॅ. रफिक झकेरिया यांच्या वाटचालीचा जालन्यासाठी अर्थ

जालना (विशेष प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला की जालन्याच्या बसस्थानकावर आणि रेल्वे स्थानकावर नेहमीचे चित्र दिसू लागते. हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्सची पिशवी घेतलेला मुलगा आणि सोबत वडील किंवा मामा. निघालेले असतात छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला. अंतर जेमतेम ६० किलोमीटर. परंतु भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या खेड्यातून निघालेल्या कुटुंबासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. ते खोलीच्या भाड्यात, खाणावळीच्या महिन्याच्या बिलात आणि मुलगी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या होकारात मोजावे लागते.

प्रवेशाचा हा प्रश्न गेल्या काही वर्षांत राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आला, आणि तोही याच जिल्ह्यातून. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाच्या मागणीला नवे वळण मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने मराठा समाजाला शिक्षण आणि नोकऱ्यांत १० टक्के आरक्षण देणारा कायदा संमत केला. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद संस्थानच्या गॅझेटमधील नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावर इतर मागासवर्गीयांतून हरकती उमटल्या. या साऱ्या धामधुमीत चर्चा झाली ती असलेल्या जागा कोणाला किती मिळाव्यात याची. जागा वाढवायच्या कोणी आणि कुठे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या पार्श्वभूमीवर मराठवाड्याच्या इतिहासातील एका माणसाची वाटचाल पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे. मुंबईत वकिली करणारा, ऐन चाळिशीत निवडणुकीसाठी औरंगाबादला आलेला, मंत्री झालेला आणि अखेरीस शिक्षणसंस्थांचा संस्थापक म्हणूनच लक्षात राहिलेला हा माणूस म्हणजे डॉ. रफिक झकेरिया. ते औरंगाबादेतून प्रथम निवडून आले तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो औरंगाबाद जिल्ह्याचाच एक तालुका होता.

बॅरिस्टर ते मंत्री

झकेरिया यांचा जन्म ५ एप्रिल १९२० रोजी नालासोपारा येथे झाला. जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते लंडनला गेले आणि भारतीय मुसलमानांच्या राजकारणाच्या प्रारंभकाळावर संशोधन करून त्यांनी लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. स्वातंत्र्य चळवळीच्या वातावरणात वाढलेली ही पिढी काँग्रेसकडे ओढली गेली, त्यात नवल नव्हते. परंतु मुंबईतील मुस्लिम सुशिक्षितांचा मोठा वर्ग मुस्लिम लीगच्या प्रभावाखाली असताना त्यांनी काँग्रेसची वाट धरली, ही बाब महत्त्वाची ठरते.

संयुक्त महाराष्ट्राची स्थापना झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. काँग्रेसने झकेरियांना औरंगाबादमधून उभे केले. ना गावाचे, ना जातीगोताचे, ना शेतीवाडीचे नाते असलेला हा उमेदवार निवडून आला आणि लवकरच मंत्रिमंडळातही गेला. पुढील काळात त्यांनी राज्याच्या मंत्रिमंडळात विविध खाती सांभाळली. औरंगाबाद शहराच्या नव्या रचनेमागे त्यांचा पुढाकार होता, असे आजही मानले जाते. १९७८ ते १९८४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते आणि संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या शिष्टमंडळातही त्यांना स्थान मिळाले.

एवढ्यावर ही कारकीर्द संपली असती तर ती अनेक मंत्र्यांसारखीच एक ठरली असती. मंत्रिपद गेले की दारातली गर्दीही जाते, आणि दहा वर्षांनी नवी पिढी नाव विचारते. झकेरियांच्या बाबतीत तसे झाले नाही. निवडून आल्यानंतर अवघ्या वर्षभरात, १९६३ साली, त्यांनी औरंगाबादच्या रोजाबाग परिसरात मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांचे निधन १९५८ साली झाले होते आणि त्यांचेच नाव या संस्थेला देण्यात आले. पुढे याच परिसरात मुलींचे महाविद्यालय, औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आणि व्यवस्थापन शिक्षणाची सोय झाली. ताज हॉटेल समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली आणि तिची पदवी इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाशी जोडली गेली. ९ जुलै २००५ रोजी झकेरिया यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे दफन मात्र औरंगाबादला, त्यांनीच उभारलेल्या शैक्षणिक परिसरात झाले.

त्या काळाची गरज

हे काम किती मोलाचे होते हे समजण्यासाठी त्या काळच्या मराठवाड्याकडे पाहावे लागते. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला १९२३ साली शासकीय इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले, तेही याच व्यवस्थेचा भाग होते. मराठी मुलांना मातृभाषेतून उच्च शिक्षण नाही आणि पदवीसाठी हैदराबाद गाठल्याशिवाय गत्यंतर नाही, अशी स्थिती होती.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर सारेच उलटे झाले. प्रशासन आणि शिक्षण यांची भाषा बदलली. मराठी समाजासाठी ती मुक्ती होती. उर्दूवर विसंबलेल्या सामान्य मुस्लिम कुटुंबांसाठी मात्र पायाखालची जमीन सरकली. सत्तेशी नाते तुटले, सरकारी नोकऱ्यांची वाट बंद झाली आणि शिकलेल्यांपैकी अनेक जण कराचीला निघून गेले. मागे राहिला तो विणकर, कारागीर, टांगेवाला, बागवान आणि छोटा दुकानदार. त्याच्या मुलाला कोणत्या भाषेत आणि कशासाठी शिकवायचे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

याच औरंगाबादेत त्याआधी एका वकिलाने शिक्षणाची मोठी वाट उघडून दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलित तरुणांच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या, आणि त्यात जालना, अंबड, परतूर भागातून गेलेलेही अनेक होते. ऑगस्ट १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. झकेरियांचे महाविद्यालय या साखळीतील पुढची कडी म्हणता येईल. ज्या समाजाच्या हातून जुने सारे निसटले होते, त्याला नव्या काळाचे शिक्षण स्वतःच्या दारात मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. उच्च शिक्षणासाठी ही दारे केवळ एका समाजापुरती ठेवली गेली नाहीत, हेही नोंदवायला हवे.

वकील आणि शिक्षण

वकिलीतून राजकारणात आणि तेथून शिक्षणाकडे जाणारी ही वाट झकेरियांनी एकट्याने पाडली नव्हती. मुंबई इलाख्याचे पंतप्रधान बाळासाहेब खेर हे मुंबईतील सॉलिसिटर. १९३७ साली सत्तेवर आल्यावर त्यांनी शिक्षण खाते स्वतःकडे ठेवले. बॅ. मुकुंदराव जयकर हे मुंबई हायकोर्टातील नामवंत वकील आणि विधिमंडळ गाजविणारे नेते. पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिले कुलगुरू तेच झाले. डॉ. आंबेडकर तर वकिली आणि राजकारण सांभाळत असतानाच १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

या पिढीतील वकिलांना शिक्षणाकडे जावेसे का वाटले असावे? एक कारण सरळ आहे. कायद्याने हक्क मिळतो, पण तो वापरण्यासाठी शिकलेला माणूस लागतो, हे न्यायालयात रोज दिसत होते. दुसरे कारण व्यावहारिक आहे. संस्था उभारायची तर न्यासपत्र, जमिनीचे करार, विद्यापीठाची संलग्नता, सरकारी अनुदान अशा अनेक कागदांतून मार्ग काढावा लागतो आणि हे काम वकिलाच्या हातचे असते. झकेरियांसारख्यांच्या दृष्टीने आणखी एक आधार होता. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक समाजाला आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क आहे. हक्काच्या मागणीसाठी मोर्चा काढण्याऐवजी त्या हक्काचा वापर करून संस्था उभारणे, हा मार्ग त्यांनी पत्करला.

लेखक म्हणूनही त्यांची भूमिका याच्याशी सुसंगत राहिली. फाळणीची जबाबदारी आणि जिनांचे राजकारण यांची परखड तपासणी करणारे त्यांचे पुस्तक २००१ साली निघाले. भारतीय मुसलमानांचे काय चुकले, असा थेट प्रश्न विचारणारे पुस्तक २००४ सालचे आहे. हिंदुत्ववादी राजकारणावर त्यांनी टीका केली. त्याचबरोबर स्वतःच्या समाजाच्या नेतृत्वालाही आरसा दाखविला. त्यामुळे दोन्हीकडचे टीकाकार त्यांच्या वाट्याला आले.

यशाच्या मर्यादा

तथापि या कारकिर्दीचे केवळ गुणगान करून चालणार नाही. झकेरियांनी संस्था उभी केली, परंतु तिच्याएवढी टिकाऊ राजकीय परंपरा त्यांच्या मागे उरली नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादचे राजकारण धार्मिक ध्रुवीकरणाच्या वळणावर गेले. १९८८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने मुसंडी मारली आणि त्यानंतर शहराची ओळख बदलून गेली. समंजस, सुशिक्षित, दोन्ही समाजांत वावरणाऱ्या नेतृत्वाची जी जागा झकेरियांनी व्यापली होती, ती रिकामीच राहिली. महाविद्यालय चालविता येते, पण त्यातून बाहेर पडणाऱ्यांना सार्वजनिक जीवनात स्थान मिळेलच याची हमी महाविद्यालय देऊ शकत नाही, हा यातला कटू धडा आहे.

दुसरी मर्यादा भूगोलाची. जे उभे राहिले ते औरंगाबाद शहरात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे भाग औरंगाबादकडून आले, परतूर परभणीकडून आले. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली. परंतु विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठ्या संस्था औरंगाबादलाच राहिल्या. पोलाद आणि बियाणे उद्योगांमुळे जालन्याचे नाव देशभर गेले, तरी त्या उद्योगांना लागणारे तज्ज्ञ घडविण्याची सोय दीर्घकाळ जिल्ह्यात झाली नाही.

तिसरी मर्यादा पायाची. महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी शाळा सुटलेल्यांचे काय? २००६ साली सादर झालेल्या न्या. सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाचे चित्र देशापुढे ठेवले. गळती ही महाविद्यालयाच्या आधीच होते, हे त्यातून ठळकपणे समोर आले. झकेरिया हा अहवाल पाहायला राहिले नव्हते.

बदललेला संस्थापक

झकेरियांच्या नंतरच्या काळात मराठवाड्यात शिक्षणसंस्था काढणाऱ्या नेत्याचा चेहरा बदलला. वकिलाची जागा सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षाने घेतली. जालना जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे अंकुशराव टोपे. समर्थ सहकारी साखर कारखाना आणि मत्स्योदरी शिक्षण संस्था ही त्यांच्या सार्वजनिक कामाची दोन चाके होती. १९९१ साली ते जालन्यातून लोकसभेवर गेले. त्यांचे पुत्र राजेश टोपे २००९ नंतर राज्याचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री झाले. ग्रामीण भागात महाविद्यालय नेण्याचे श्रेय या पिढीला द्यावेच लागेल. शहरातील बॅरिस्टर जे करू शकला नाही, ते गावातल्या कारखानदाराने केले.

मात्र याच काळात आणखी एक बदल झाला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, त्याचबरोबर शुल्कही वाढले. शिक्षणसंस्था हे लोकसेवेबरोबरच सत्तेचेही साधन बनले. संस्थेतील नोकऱ्या, संस्थेची वाहने आणि निवडणुकीतले कार्यकर्ते यांच्यातील सीमारेषा राज्यभर पुसट होत गेल्याची टीका तेव्हापासून होत आली आहे. झकेरियांच्या संस्थांचे नेतृत्वही त्यांच्या पश्चात पत्नी फातमा झकेरिया यांच्याकडे आले. २००६ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या या ज्येष्ठ पत्रकाराचे एप्रिल २०२१ मध्ये निधन झाले. संस्थापक गेल्यावर संस्था कोणाची, हा प्रश्न राज्यातील प्रत्येक खासगी शिक्षणसंस्थेपुढे आज ना उद्या उभा राहतोच.

न्यायालयाच्या पायऱ्या आणि वर्गाच्या खोल्या

शिक्षणाचा लढा आता पुन्हा वकिलांच्या हाती आला आहे, पण वेगळ्या अर्थाने. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण देणारे अध्यादेश काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांचे शिक्षणातील आरक्षण मात्र रोखले नाही. तरीही त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला. त्यानंतर २०२४ चा कायदा आला आणि तोही न्यायालयात गेला. दशकभराच्या या घडामोडींत वकील, याचिका आणि तारखा वाढत गेल्या. दर जूनमध्ये मुले मात्र वाट पाहत राहिली. केंद्र सरकारनेही अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. ज्यांच्या नावाने झकेरियांनी महाविद्यालय काढले, त्यांच्याच नावाची मदत अशा रीतीने थांबली.

आरक्षणाची मागणी गैरवाजवी आहे, असा याचा अर्थ नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला आपल्या मुलाची जागा हुकली तर होणारे दुःख खरेच आहे. परंतु वाटणी कितीही न्याय्य झाली तरी भाकरीच लहान असेल तर कोणी ना कोणी उपाशी राहणारच.

भाकरी थोडी मोठी होत आहे, हेही नाकारता येणार नाही. मुंबईच्या नामांकित रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यात सुरू झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला वर्ग २०२४-२५ मध्ये १०० जागांसह भरला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला.

पण आकडे सांगतात की खरी अडचण याहून खाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के असताना जालना जिल्ह्याची सुमारे ७२ टक्के होती. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण साधारण ६१ टक्क्यांवर अडकले होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुस्लिम समाज सुमारे १४ टक्के आहे. शुल्क माफ झाले तरी मंठ्याहून येणाऱ्या मुलीला वसतिगृह लागते. घनसावंगीहून येणाऱ्या मुलीला वेळेवर सुटणारी बस लागते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबातील मुलाला आधी दहावीपर्यंत टिकून राहावे लागते. या गोष्टी कोणत्याही याचिकेत मागता येत नाहीत. त्या उभ्या कराव्या लागतात.

झकेरियांच्या वाटचालीचा जालन्यासाठी अर्थ इथे लागतो. ते बाहेरून आलेले होते, त्यांच्या राजकारणाला मर्यादा होत्या आणि त्यांची संस्था जालन्यापर्यंत पोहोचली नाही. परंतु पहिल्यांदा निवडून आल्यावर वर्षभरात त्यांनी जे काम हाती घेतले, ते साठ वर्षांनंतरही दर जूनमध्ये नव्या मुलांना वर्गात घेत आहे. जालना जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी एकच प्रश्न विचारावा. आमच्या वाट्याला किती जागा आणाल हे तर सांगाच, पण नव्या जागा, नवे वसतिगृह आणि नवे वर्ग किती उभे कराल? त्याचे उत्तर काय मिळते, यावर जून महिन्यात बसस्थानकावर दिसणारी गर्दी कमी होणार की वाढणार, हे ठरणार आहे.